जुन्या मोटारीसाठी विजेवरील पंखा : भोपाळच्या उन्हाळ्याच्या संदर्भात एक विवेचन

विषयप्रवेश

भोपाळमधील महाराणा प्रताप नगर, म्हणजेच बोलण्यातले एम. पी. नगर, हे त्या शहरातील मोठे व्यापारी केंद्र होय. झोन-१ आणि झोन-२ अशा दोन भागांत कार्यालये, बँका, दुकाने आणि शिकवणीवर्ग यांची दाटी झालेली आहे. जवळच्या पुलाला राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव दिलेले असून तो चेतक पूल म्हणून ओळखला जातो. या भागावरून जाणारा डॉ. आंबेडकर उड्डाणपूल जानेवारी २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यामुळे सरळ जाणाऱ्यांची सोय झाली. परंतु ज्यांना एम. पी. नगरातच काम आहे, त्यांना पुलाखालच्या चौकांतून आणि सिग्नलवरून जाण्यावाचून गत्यंतर नाही. मे महिन्यात भोपाळचे दुपारचे सरासरी कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर असते. वेधशाळेचे हे तापमान सावलीतले, जमिनीपासून काही उंचीवर मोजलेले असते. चारी बाजूंनी मोटारी उभ्या असलेल्या डांबरी रस्त्यावर, बॉनेटसमोरची हवा त्याहून कितीतरी अधिक तापलेली असते.

अशा ठिकाणी एखादी जुनी अँबेसेडर किंवा पद्मिनी सिग्नलवर थांबली की तापमापकाचा काटा वर चढू लागतो. गाडी चालू लागली की तो खाली येतो आणि पुढच्या सिग्नलवर पुन्हा चढतो. दोन-तीन उन्हाळे असे काढल्यावर मालक कारागिराकडे जातो. मराठी मुलखात ज्याला मिस्त्री म्हणतात, त्याला भोपाळात उस्तादही म्हणतात; पहिला शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, दुसरा फारसीतून. परंतु दोघांचा सल्ला बहुधा एकच असतो : ‘पट्ट्यावरचा पंखा काढा, विजेचा बसवा.’ हा सल्ला निखालस चुकीचा नाही. मात्र तो अपुरा आहे, आणि अपुऱ्या सल्ल्यावर केलेला खर्च पुष्कळदा वाया जातो. पंखा निवडताना पंख्यापासून सुरुवात करणे हीच मूळ अडचण होय. रेडिएटर, डायनॅमो अथवा अल्टरनेटर आणि सगळ्यात शेवटी पंखा, असा विचाराचा क्रम असला पाहिजे. तो क्रम का, याचे विवेचन पुढे केले आहे.

उभ्या गाडीची अडचण

अँबेसेडरचे उत्पादन १९५८ पासून २०१४ पर्यंत उत्तरपाडा येथे होत होते. तिचे जुने पेट्रोल इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे, इंग्रजी धाटणीचे. पुढे आलेल्या १.८ लिटरच्या इसुझू इंजिनाचा मध्य प्रदेशाशी विशेष संबंध आहे, कारण ही इंजिने हिंदुस्थान मोटर्सच्या पीथमपूर येथील कारखान्यात बनत. पद्मिनी मुंबईत कुर्ल्याला तयार होई. मूळ इटालियन फियाट ११०० वरून घेतलेले तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली. खासगी मालकांकडे मात्र या गाड्या अजून आहेत. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. वडिलांची गाडी म्हणून जपणारी कुटुंबे हा व्याप दर पाच वर्षांनी आनंदाने करतात.

या जुन्या गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असते. पाण्याचा पंप आणि पंखा एकाच दांड्यावर असतात आणि इंजिनाच्या पुढच्या चाकावरून येणारा रबरी पट्टा त्यांना फिरवतो. इंजिन मिनिटाला २१०० फेरे घेत असताना हा पंखा जेवढी हवा ओढतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश हवा तो सिग्नलवर, ७०० फेऱ्यांच्या वेळी ओढतो. पाण्याचा पंपही तेव्हा तितकाच मंद असतो. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने धावत असताना समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. तिथे पंख्याची फारशी गरज नसते. म्हणजे गरज नसताना पंखा जोरात फिरतो आणि गरज असताना रेंगाळतो. ही रचना युरोपच्या हवामानात खपून गेली. उष्ण देशांत पाठवायच्या गाड्यांना अधिक पात्यांचा पंखा आणि मोठा रेडिएटर बसवण्याचा मार्ग इंग्रज कारखानदारांनी काढला होता. तो उपाय आजही विचारात घेण्यासारखा आहे, हे पुढे दिसून येईल.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि चित्र बदलले. तिचे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन आडवे बसवलेले होते. आडव्या इंजिनाचा पट्टा गाडीच्या कडेला येतो, रेडिएटर मात्र पुढे असतो. त्यामुळे पट्ट्यावर पंखा चालवणे सोयीचे राहत नाही आणि विजेची मोटर वापरावी लागते. म्हणजे विजेचा पंखा मुळात थंडाव्यासाठी आला असे म्हणण्यापेक्षा तो इंजिनाच्या मांडणीमुळे आला असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. उभ्या गाडीतही पूर्ण वेगाने फिरणे हा त्याचा गुण पुढे सर्वांच्या लक्षात आला. मोडीत निघालेल्या मारुतीचा पंखा काढून जुन्या गाडीला बसवण्याची पद्धत अनेक गावांत रूढ झाली ती त्यामुळेच.

उष्णतेचा हिशेब

जळालेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता कामास येते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि उरलेली एक तृतीयांश पाण्याला मिळते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. दीड लिटरचे इंजिन नुसते चालू ठेवल्यास तासाला साधारण एक लिटर पेट्रोल जाते असे धरले, तर उष्णतेचा एकूण प्रवाह जवळजवळ ९ किलोवॅट होतो. त्यातले ३ किलोवॅट पाण्यात येतात. थांबत-थांबत पुढे सरकणाऱ्या रांगेत हा आकडा दुप्पट, म्हणजे ६ किलोवॅट धरणे सुरक्षित होय. घरातल्या पाणी तापवण्याच्या हीटरशी तुलना केली, तर दोन-दोन किलोवॅटचे तीन हीटर सतत रेडिएटरमध्ये सोडल्यासारखे हे झाले.

ही उष्णता हवेला द्यायची आहे. रेडिएटर किती उष्णता देऊ शकेल, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंशांवर आहे असे मानू. जानेवारीच्या दुपारी हवा २५ अंशांची असेल, तर फरक ६५ अंशांचा पडतो. मे महिन्यात बॉनेटपुढची हवा ४७ अंशांची झाली, तर फरक केवळ ४३ अंशांचा राहतो. तोच रेडिएटर आणि तीच हवा असूनही गाडीची थंड होण्याची क्षमता एक तृतीयांशाने घटली. गाडीत काहीही बिघडलेले नसताना घडणारी ही घट आहे. ‘हिवाळ्यात तर बरी चालते’ हे मालकाचे वाक्य म्हणूनच खरेही असते आणि निरुपयोगीही.

आता हवेचे प्रमाण पाहू. रेडिएटरमधून जाताना हवा २० अंशांनी तापते असे धरल्यास ६ किलोवॅट उष्णता नेण्यासाठी सेकंदाला ०.३ किलोग्रॅम हवा लागते. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. उंची आणि उन्हाळा या दोहोंमुळे तिथली मे महिन्यातली हवा विरळ असते. एक घनमीटर हवा जेमतेम १.०५ किलोग्रॅम भरते. त्या हिशेबाने तासाला सुमारे १००० घनमीटर हवा हवी. पंख्याच्या खोक्यावर हे माप बहुधा सी.एफ.एम., म्हणजे मिनिटाला घनफूट, असे छापलेले असते. वरचा आकडा या मापात ६०० च्या आसपास येतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. खोक्यावरचा आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो. पंख्यासमोर रेडिएटरची जाळी आली की हवेला अडथळा होतो आणि प्रत्यक्षातला प्रवाह पुष्कळ कमी भरतो. शिवाय हा आकडा बहुतेक वेळा १३.५ व्होल्टवर मोजलेला असतो. गाडीत पंख्याच्या टोकांशी ११.५ व्होल्टच पोहोचत असतील, तर फेरे सुमारे १५ टक्क्यांनी घटतात आणि हवाही तेवढीच. त्यामुळे ६०० ची गरज असलेल्या गाडीसाठी छापील १००० ते १२०० चा पंखा पाहावा. साध्या गाडीला हे पुरेसे होते.

वातानुकूलन नंतर बसवून घेतलेल्या गाडीचा हिशेब वेगळा. तिचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि आतल्या खोलीची सगळी उष्णता आधी त्या हवेत सोडतो. हवा तिथेच ८-९ अंशांनी तापली, तर ४७ चे ५६ होतात आणि ४३ अंशांचा फरक ३४ वर येतो. अशा गाडीला एकच छोटा पंखा कितीही चांगला असला तरी पुरा पडत नाही.

रेडिएटर आधी

वरचे सारे गणित रेडिएटर निरोगी आहे असे धरून मांडले आहे. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत तो तसा क्वचितच असतो. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात. कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार वर्षानुवर्षे नळ्यांत बसतात आणि नळ्यांची वाट अरुंद होते. बाहेरून पातळ पत्र्यांच्या मध्ये धूळ, तेल आणि किडे अडकतात, पत्रे दुमडतात. अशा रेडिएटरवर कितीही मोठा पंखा लावला तरी तो बंद खिडकीसमोर लावलेल्या पंख्यासारखाच.

परीक्षा अवघड नाही. इंजिन पूर्ण तापल्यावर ते बंद करावे आणि पात्यांपासून हात दूर ठेवून रेडिएटरच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी तापमान पाहावे. आता हातात धरायचे अवरक्त तापमापक स्वस्तात मिळतात. एखादा पट्टा भोवतालच्या भागापेक्षा स्पष्टपणे थंड लागला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत असे समजावे. रेडिएटर दुरुस्त करणारा कारागीर वरची टाकी सोडवून नळ्यांत सळई घालतो आणि त्या साफ करतो. गरज पडल्यास जाळी बदलतो. पंख्याच्या किमतीतील बराचसा भाग आधी इथे खर्च झाला, तर पुष्कळ गाड्यांत पंखा बदलण्याची गरजच उरत नाही.

झाकणाकडे तर कोणाचेच लक्ष नसते. भोपाळच्या उंचीवर साधे पाणी सुमारे ९८ अंशांवर उकळते. रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग आतला दाब वाढवून हा बिंदू वर नेते. ७ पौंडांचे झाकण शाबूत असेल, तर पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक होऊन फाटले, की हे बारा अंश हातचे जातात. कूलंट म्हणून मिळणारे ग्लायकोलचे मिश्रण उकळबिंदू आणखी वाढवते आणि गंजही रोखते. तापलेल्या गाडीचे झाकण उघडण्याची घाई मात्र कोणीही करू नये. दाब सुटताच आतले पाणी क्षणार्धात वाफ होऊन उसळते, आणि चेहरा व हात भाजण्याचे प्रकार याच घाईमुळे होतात.

आणखी एक रूढ उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. ‘आपल्याकडे गरम हवा, त्याचे काय काम?’ असा त्यामागचा तर्क असतो. पण थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडतो आणि त्यानंतर पाण्याची वाट मोकळीच असते. उन्हाळ्यातल्या तापण्याशी त्याचा संबंध तो अडकून बसला तरच येतो, आणि तशा वेळी तो बदलावा. काढून टाकल्याने हिवाळ्यात इंजिन थंड राहते, पेट्रोल अधिक जाते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तो काढला असता पाणी रेडिएटर टाळून आडवाटेनेच फिरत राहते, म्हणजे उन्हाळ्यातही तोटाच.

डायनॅमोचा प्रश्न

विजेचा पंखा वीज कुठून घेणार, हा प्रश्न जुन्या गाडीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच विचारला जात नाही.

१२० वॅटचा पंखा १३.५ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. चालू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. जुन्या अँबेसेडरमध्ये आणि आरंभीच्या पद्मिनीमध्ये अल्टरनेटर नव्हता, डायनॅमो होता. लुकासच्या सी-४० धाटणीच्या डायनॅमोची कमाल क्षमता २२ अँपिअरच्या आसपास असते, तीही इंजिन बऱ्यापैकी वेगात असताना. सिग्नलवरच्या मंद फेऱ्यांत डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेव्हा मिणमिणतो, तो हेच सांगत असतो.

म्हणजे एम. पी. नगरच्या सिग्नलवर गाडी उभी आहे, पंखा ९ अँपिअर घेत आहे, इग्निशन साडेतीन घेत आहे आणि ब्रेकवर पाय असल्यामुळे मागचे दोन दिवे आणखी साडेतीन. हे १६ अँपिअर सगळेच्या सगळे बॅटरीतून जात आहेत. अशी दहा मिनिटे गेली, तर अडीच अँपिअर-तासांहून अधिक वीज खर्च झाली. दुपारी मोकळ्या रस्त्यावर ती परत भरून निघेलही. परंतु जुलैच्या पावसात रात्री हेडलाइट ७, मागचे-पुढचे छोटे दिवे २, वायपर ३, इग्निशन साडेतीन आणि पंखा ९ अशी बेरीज साडेचोवीस अँपिअरवर जाते. डायनॅमो पूर्ण जोरात चालला तरी देणार २२. गाडी धावत असतानाही बॅटरी उतरत राहील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होणार नाही. मालक मग बॅटरीवाल्याला दोष देतो.

म्हणून डायनॅमोच्या गाडीला पट्ट्यावरचा पंखा काढून केवळ विजेचा पंखा बसवू नये. अशा गाडीसाठी दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे डायनॅमो काढून त्याजागी अल्टरनेटर बसवणे. हे काम जाणता ऑटो-इलेक्ट्रिशियन करू शकतो. मात्र जुना रेग्युलेटर आणि वायरिंग त्याच वेळी बदलावे लागते. अल्टरनेटर मंद फेऱ्यांतही आपल्या क्षमतेचा काही भाग देतो, आणि तोच सिग्नलवर उपयोगी पडतो. दुसरा मार्ग अधिक साधा आणि कमी खर्चाचा : पट्ट्याचा पंखा तसाच ठेवून रेडिएटरच्या पुढे एक छोटा, ५-६ अँपिअरचा साहाय्यक पंखा लावायचा आणि तो केवळ रांगेत अडकल्यावर चालेल असे पाहायचे. ज्या मालकाला गाडीचे मूळ रूप जपायचे आहे, त्याने दुसराच मार्ग धरावा. त्याही आधी पट्ट्याच्या पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे शाबूत आहे का ते पाहावे आणि अधिक पात्यांचा पंखा मिळाल्यास तो बसवून बघावा. यांना वीज लागत नाही.

पेट्रोल वाचते म्हणून विजेचा पंखा बसवा, असाही प्रचार केला जातो. पट्ट्याचा पंखा मोठ्या वेगात इंजिनाची थोडी शक्ती खातो हे खरे. परंतु शहरात रोज दहा-पंधरा किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत ही बचत इतकी अल्प असते की पंख्याचा खर्च भरून निघायला वर्षे लागतील. हा युक्तिवाद बाजूला ठेवलेलाच बरा.

निवड आणि जोडणी

रेडिएटर ठीक झाला, विजेची सोय झाली, आता पंखा. तो रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला बसवणे उत्तम. मागचा पंखा हवा ओढतो. पुढचा ढकलतो आणि वेगात जाताना समोरच्या वाऱ्याला स्वतःच आडवा येतो. दोन्हींची पाती वेगळी असतात. ओढणाऱ्या पंख्याच्या तारा उलट जोडून त्याला ढकलायला लावले तर तो फिरतो, पण पात्यांचा बाक उलटा पडल्याने हवा फार कमी देतो. जुन्या इंग्रजी धाटणीच्या काही गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. अशा गाडीत पंखा जोडल्यावर रेडिएटरसमोर कागदाचा तुकडा धरून हवा कोणत्या दिशेने जाते, हे पाहिलेच पाहिजे.

पंख्याचा व्यास रेडिएटरच्या रुंदीला साजेसा, जागा असेल तितका मोठा घ्यावा. गोल पंखा चौकोनी जाळीचे चारही कोपरे सोडून देतो, म्हणून भोवती पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण हवे. त्यामुळे हवा संपूर्ण जाळीतून ओढली जाते. मोडीतला मारुतीचा पंखा या ठिकाणी कमी पडतो. तो ७९६ घनसेंटिमीटरच्या इंजिनासाठी आणि लहान रेडिएटरसाठी बनवलेला असतो. पद्मिनीला तो कसाबसा चालून जाईल, अँबेसेडरला एकटा पुरणार नाही. तरीही जुना पंखा घ्यायचाच झाला, तर दांडा हलवून बेअरिंगमध्ये खेळ आहे का ते पाहावे आणि चालू करून अँपिअरमापकावर प्रवाह मोजावा. घासत असलेली मोटर अधिक प्रवाह घेते आणि कमी फिरते.

बसवताना रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या आरपार ओवून पंखा बांधण्याची पद्धत आहे. ती सोपी असली तरी अनिष्ट होय. धक्क्यांनी पट्ट्या हलतात आणि काही महिन्यांत नळी घासून गळती सुरू होते. चौकटीला पट्ट्या लावून त्यांवर पंखा धरावा. पट्ट्याचा पंखा काढताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. त्याचे बोल्ट बहुधा पंपाची पुलीही धरून ठेवतात. पंख्याच्या पत्र्याची जाडी गेली की तेच बोल्ट लांब पडतात, पुली घट्ट बसत नाही किंवा बोल्टचे टोक मागे टेकते. तेथे योग्य लांबीचे बोल्ट घालावेत. पट्टा मात्र राहणारच, कारण पंप आणि डायनॅमो त्यावरच चालतात.

वायरिंगमध्ये काटकसर करू नये. पंख्याचा प्रवाह डॅशबोर्डवरच्या बटणातून नेल्यास बटण जळते. त्यासाठी रिले हवा आणि बॅटरीजवळ फ्यूज हवा. तार अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी. तीन मीटर अंतरावर ९ अँपिअर प्रवाहाला अशा तारेत सुमारे ०.२ व्होल्ट खर्च होतात. एक चौरस मिलिमीटरच्या तारेत अर्धा व्होल्ट. सांगाड्याला जोडायचे टोक रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर बसवावे. जुन्या गाडीत व्होल्ट हरवतात ते बहुधा याच गंजलेल्या टोकाशी.

पंखा आपोआप चालू करणारा तापस्विच किती अंशांचा घ्यावा, याबद्दल गोंधळ आढळतो. उन्हाळा कडक म्हणून काही जण ७५ किंवा ८० अंशांचा स्विच घेतात. थर्मोस्टॅट ८२ ला उघडत असेल, तर पाणी त्याखाली फारसे येणारच नाही आणि पंखा दिवसभर अखंड चालेल. मोटर लवकर झिजेल, वीजही जाईल. रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या गरम पाण्याच्या वाटेवर स्विच असेल, तर ९२ च्या आसपास चालू आणि ८७ ला बंद होणारा घ्यावा. तोच खालच्या टाकीत असेल, तर तिथले पाणी आधीच थंड झालेले असते, म्हणून त्याचे अंश काहीसे कमी असावेत. याखेरीज हाताने चालू करण्याचे एक बटण डॅशबोर्डखाली असावे. तापस्विच नेमका मे महिन्यातच दगा देतो, हा अनुभव अनेकांचा आहे.

इंजिन बंद केल्यावरही पंखा चालू राहावा की नाही, यावर मतभेद आहेत. बंद इंजिनात पंप थांबलेला असतो, पाणी फिरत नाही, त्यामुळे पंख्याचा लाभ मर्यादित राहतो. डायनॅमोच्या गाडीत तर बॅटरी वाचवणे अधिक गरजेचे. म्हणून पंख्याची वीज इग्निशनच्या चावीबरोबर बंद होईल अशीच जोडणी करावी. बॉनेटखाली हात घातलेला असताना पंखा अचानक सुरू होण्याचा धोकाही त्यामुळे टळतो.

सगळे काम झाल्यावर परीक्षा हिवाळ्यात घेऊन उपयोग नाही. एप्रिलच्या अखेरीस, दुपारी दोनच्या सुमारास, गाडी सावलीबाहेर उभी करून पंधरा-वीस मिनिटे इंजिन मंद फेऱ्यांवर चालू ठेवावे आणि बॅटरीच्या टोकांना व्होल्टमापक लावावा. काटा एका ठिकाणी स्थिरावतो का, पंखा चालू-बंद होतो का, आणि पंखा चालू असताना व्होल्ट १२.५ च्या खाली घसरत राहतात का, या तीन गोष्टी पाहाव्यात. काटा स्थिर असून व्होल्ट घसरत असतील, तर रेडिएटर आणि पंखा ठीक आहेत, वीज कमी पडते. व्होल्ट स्थिर असून काटा चढत असेल, तर पुन्हा रेडिएटरवाल्याकडे जावे. पंखा सतत चालूनही काटा जेमतेम धरून राहत असेल, तर ही गाडी मे महिन्यात सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी बाहेर काढावी.